फ्यूज मोठा करू नका! (गाडीतल्या प्लेस्टेशनच्या निमित्ताने)

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात गेम खेळणारं पोर आहे आणि खाली पार्किंगमध्ये हप्त्यावरची का होईना गाडी आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनीही वाचा, कारण विषय गेमपाशी थांबत नाही.

पावसाळ्यातला रविवार. ताई कल्याण पश्चिमेला राहते. तिथून आम्हाला घोडबंदर रोडला, कासारवडवलीला, नातेवाइकांच्या वास्तुशांतीला जायचं होतं. अंतर जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटर. मेगाब्लॉक, पाऊस, सोबत पाच वर्षांची भाची आणि आहेराच्या पिशव्या, म्हणून गाडी काढली. गाडीत बसलो तर मागच्या सीटवर माझ्या आधी प्लेस्टेशन ५ बसलेलं! पुढच्या सीटच्या हेडरेस्टला छोटा मॉनिटर बांधलेला, पायाशी काळा डबा, आणि त्याची वायर पुढे सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये.

"मामा, ट्रॅफिकमध्ये पण गेम!" सातवीतला भाचा खूश. भावोजीही खूश. म्हणाले, "अरे, सहाशे वॉटचा इन्व्हर्टर आहे. दुकानवाल्याने अर्ध्या तासात बसवून दिला."

दुर्गाडी पूल ओलांडला, कोनगाव गेलं, राजनोली नाक्याला गाडी थांबली ती थांबलीच. भाच्याने फुटबॉलची मॅच लावली. मीही बघत होतो, खोटं कशाला बोलू. माणकोली सोडून साकेत पुलाच्या अलीकडे पुन्हा रांगेत अडकलो तेव्हा मला वास आला. जळक्या प्लास्टिकचा. ज्यांनी वायरिंगचं काम केलंय त्यांना तो वास झोपेतही ओळखता येतो. मी पुढे वाकून सॉकेटला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. प्लग ओढून काढला तर त्याचं टोक मऊ पडलं होतं. आजूबाजूला चारी बाजूंनी कंटेनर आणि गाड्या, बाहेर पाऊस, काचा बंद, मागे दोन मुलं.

गाडी बाजूला घेऊन फ्यूजबॉक्स उघडला. सॉकेटच्या जागी कंपनीचा १५ अँपिअरचा फ्यूज असायला हवा होता. तिथे हिरवा, ३० अँपिअरचा ठोकलेला. भावोजी शांतपणे म्हणाले, "आधी सारखा फ्यूज उडायचा. मग दुकानवाल्याने मोठा टाकून दिला. तेव्हापासून एकदाही उडाला नाही."

हे वाक्य त्यांनी दुरुस्ती झाली अशा सुरात सांगितलं. मी आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केलाय आणि वीस वर्षं पॅनल वायरिंग करतोय. मला त्या वाक्याने घाम फुटला.

फ्यूज हा वायरीचा रखवालदार. तो उडतो म्हणजे सांगतो, "दादा, या वायरीला हे ओझं झेपत नाही." रखवालदार सारखा ओरडतो म्हणून आपण ओझं कमी केलं नाही, रखवालदारच बहिरा ठेवला. मग वायर जळते. गाडीत ती वायर डॅशबोर्डच्या आत, कार्पेटच्या खाली, पन्नास दुसऱ्या वायरींच्या जुडग्यातून जाते. तिथे पेटलं तर दिसायच्या आधी धूर नाकात जातो.

आता हिशोब करू. सातवीच्या मुलाला जमेल एवढाच आहे.

प्लेस्टेशन ५ वर जड गेम चालू असेल तर ते साधारण २०० वॉट खातं. पहिल्या मॉडेलवर कमाल ३५० वॉट लिहिलेलं आहे. मॉनिटरचे ३० वॉट धरा. झाले २३०. इन्व्हर्टर गाडीच्या १२ व्होल्टचे २३० व्होल्ट करतो, आणि या कामाची दलाली म्हणून दहा-पंधरा टक्के वीज उष्णतेत घालवतो. म्हणजे गाडीकडून साधारण २६५ वॉट घेतले जातात. भागिले १२ व्होल्ट. उत्तर, सुमारे २२ अँपिअर.

आता सॉकेटच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचा. बहुतेक गाड्यांत "१२ व्होल्ट, १२० वॉट" असं असतं. म्हणजे १० अँपिअर. फ्यूज १० किंवा १५ चा. दहाच्या सॉकेटमधून आपण बावीस ओढतोय. आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट दुप्पट झाला की वायर दुप्पट नाही, चौपट तापते. सॉकेटच्या स्प्रिंगचा संपर्क थोडा ढिला असेल तर आणखीच.

"पण इन्व्हर्टर सहाशे वॉटचा आहे ना?" हा प्रश्न दहापैकी नऊ जण विचारतात. अहो, तो आकडा डबा किती देऊ शकतो त्याचा आहे, सॉकेट किती देऊ शकतं त्याचा नाही. नळाला पाव इंची पाइप असताना खाली मोठं पिंप ठेवलं म्हणून पाणी जास्त येत नाही. इथे तर पाइप फुटतो.

बरं, सॉकेट सोडा, थेट बॅटरीवरून जाड वायर आणली तर? ती रीतसर पद्धत आहे. साधारण ३०० वॉटचा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर, किमान ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून हातभराच्या आत ३० अँपिअरचा फ्यूज, पत्र्यातून वायर जाते तिथे रबराचं ग्रोमेट, आणि इंजिन चालू असेल तरच इन्व्हर्टर चालेल असा रिले. म्हणजे ३० चा फ्यूज वाईट असतो असं नाही. तो पेलणारी वायर मागे हवी. हे सगळं करणारे चांगले ऑटो इलेक्ट्रिशियन आपल्याकडे आहेत. पण ते अर्ध्या तासात होत नाही आणि दुकानाच्या फुटपाथवर होत नाही.

तरीही प्रश्न उरतोच, वीज येते कुठून? लहान पेट्रोल गाडीत ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. ती इंजिनला धक्का देण्यासाठी असते, तासन्‌तास वीज पुरवण्यासाठी नाही. निम्मी उतरवली की तिच्या जिवावर येतं. कागदावर १७ भागिले २२, म्हणजे पाऊण तास. प्रत्यक्षात इतक्या जड लोडवर त्याहून कमी. त्यानंतर तुम्ही चावी फिरवाल आणि स्टार्टर फक्त 'टक' करेल. तो 'टक' माजिवड्याच्या सिग्नलला झाला तर मागच्या हजार गाड्या तुमच्या पूर्वजांचा उद्धार करतील.

इंजिन चालू ठेवलं तर अल्टरनेटर वीज देतो. लहान गाडीचा अल्टरनेटर ६० ते ८० अँपिअरचा असतो, पण तो आकडा गाडी पळताना. रांगेत उभं असताना इंजिन मंद फिरतं, तेव्हा बऱ्याचदा निम्मंही निघत नाही. त्याच विजेवर एसीचा ब्लोअर, रेडिएटरचा पंखा, वायपर, हेडलाइट, फ्यूल पंप आणि इंजिनचा कॉम्प्युटर चालवायचा असतो. पावसातली रांग म्हणजे हे सगळं एकाच वेळी चालू. वर आणखी बावीस अँपिअरचा पाहुणा. म्हणजे गेम ट्रॅफिकमध्येच खेळायचाय, आणि ट्रॅफिकमध्येच गाडीकडे त्यासाठी वीज नसते. यातच सगळं आलं.

बाजारातले बरेच स्वस्त इन्व्हर्टर 'मॉडिफाइड साइन' असतात. त्यांची वीज पायऱ्या-पायऱ्यांची, खडबडीत. कन्सोल त्यावर चालू होतोही, पण पॉवर सप्लाय गुणगुणतो, तापतो. मध्येच वीज गेली तर सेव्ह केलेला गेम बिघडू शकतो. जुन्या प्लेस्टेशन ४ मध्ये तर फिरती हार्ड डिस्क आहे. आपल्या खड्ड्यांत आपल्या मणक्यांचं जे होतं तेच तिचं होतं. गेमची डिस्क आत फिरत असताना गाडी आदळली तर डिस्कवर ओरखडे येतात. आणि हवा खेळती राहायला हवी तिथे आपण मशीनवर आहेराची साडी नि टॉवेल ठेवलेले असतात.

एक गंमत सांगतो. पूर्वीची मशीन्स गाडीच्या जास्त जवळची होती. २००० साली आलेलं छोटं पीएस वन साडेसात व्होल्टच्या अडॅप्टरवर चालायचं. २००४ चं सडपातळ प्लेस्टेशन २ साडेआठ व्होल्टवर. आपण लहानपणी चाळीत कार्ट्रिज फुंकून 'काँट्रा' खेळायचो ते डबेही छोट्या अडॅप्टरवर चालायचे. आताचा कन्सोल हा भिंतीचाच प्राणी आहे. घरचा कन्सोल म्हणतात ते उगाच नाही. त्याला गाडीत आणायचं म्हणजे घराची भिंतच पेट्रोल जाळून सोबत न्यायची.

इलेक्ट्रिक गाडीवाले म्हणतील, आमच्याकडे हा प्रश्नच नाही. बरोबर आहे. २०२३ नंतरच्या नेक्सॉन ईव्हीत किंवा आयोनिक ५ मध्ये गाडीतूनच २३० व्होल्टची वीज बाहेर देण्याची सोय कंपनीने दिलेली आहे. अडीचशे वॉट तीन तास म्हणजे पाऊण युनिट. ३० युनिटच्या बॅटरीतून हे अडीच टक्के. काहीच नाही. तिथे विजेचा प्रश्न सुटला. पण सुरक्षेचा सुटत नाही.

अमेरिकेत टेस्लाने गाडी चालू असतानाही समोरच्या स्क्रीनवर गेम खेळायची मुभा दिली होती. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या रस्ता सुरक्षा यंत्रणेने चौकशी लावली आणि कंपनीला चालत्या गाडीत ती सोय बंद करावी लागली. कारण साधं आहे. स्क्रीन प्रवाशासाठी म्हटली तरी ड्रायव्हरची नजर तिकडे जातेच. आमच्या गाडीत स्क्रीन मागे होती, तरी "गोल झाला का रे?" म्हणून भावोजींनी दोनदा मान वळवली. मी मोजलं.

दुसरं, प्लेस्टेशन ५ चं पहिलं डिस्कवालं मॉडेल साडेचार किलोचं आहे. ते सीटवर नुसतं ठेवलेलं. चाळीसच्या वेगात गाडी अचानक थांबली तर ते थांबत नाही. ते पुढे जातं, आणि पुढे कोण बसलंय ते बघत नाही. तिसरं, खेळायला वाकावं लागतं म्हणून भाच्याने बेल्ट काढला होता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४-ब आहे. १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बालसुरक्षा आसन नसेल तर हजार रुपये दंड. दंडाचं जाऊ द्या हो, हजार रुपये आपण वडापावात घालवतो. पण पोर परत मिळत नाही.

आणि एक प्रकार, जो मला सगळ्यांत जास्त घाबरवतो. दुरुस्तीसाठी लाइट जाते तेव्हा काही घरांत आता नवीन युक्ती निघालीय. "चल, गाडीत बसून खेळ, एसी पण मिळेल." गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, इंजिन चालू, काचा बंद. बेसमेंट, पोडियम किंवा शटरचं गॅरेज असेल तर धुराला बाहेर जायला वाट नाही. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. माणसाला आधी डोकं जड वाटतं, झोप येते, आणि झोपलेला माणूस स्वतःहून उठून दार उघडत नाही. दोन तास गेम खेळलेलं पोर पेंगुळलं तर आपल्याला वाटतं दमलं असेल. म्हणून हात जोडून सांगतो, बंद किंवा अर्धबंद पार्किंगमध्ये चालू इंजिनच्या गाडीत मुलांना बसवू नका. पाच मिनिटंही नको. सोसायटी कमिट्यांनी हे लिहून लिफ्टशेजारी लावा. गाडी कुठे लावायची यावर तासभर भांडतो ना आपण, मग हा एक मुद्दाही सभेत घ्या.

पैशाचं सांगायचं तर एसी लावून उभी असलेली लहान पेट्रोल गाडी तासाला पाऊण ते एक लिटर पेट्रोल पिते. पेट्रोल शंभरीपार. तीच अडीचशे वॉटची वीज घरी तासाला पाव युनिट, म्हणजे चहाच्या कटिंगपेक्षा स्वस्त.

आता काही वडीलधारी मंडळी म्हणतील, "कशाला हवेत हे चोचले? आमच्या वेळी आम्ही खिडकीतून बाहेर बघायचो."

मला हे पटत नाही. त्या दिवशी प्लग काढल्यावर भाच्याने मला विचारलं, "मामा, मग मी दोन तास काय करू?" मी बाहेर बघ म्हणणार होतो. मी स्वतः बाहेर पाहिलं. डावीकडे कंटेनरचं चाक. उजवीकडे दुसऱ्या कंटेनरचं चाक. पुढे लाल दिवे. मी काही बोललो नाही.

आमच्या वेळी आम्ही बाहेर बघायचो कारण बाहेर काहीतरी सरकत होतं. खाडी दिसायची, पारसिकचा बोगदा आला की सगळा डबा ओरडायचा. या पोरांच्या बाहेर काहीच सरकत नाही. तेव्हा दोष पोराचा नाही, आणि खरं सांगायचं तर भावोजींचाही नाही. दोन तास गाडीत कोंडलेली पोरं किरकिर करतात, बापाचं डोकं फिरतं, म्हणून बापाने आपल्या परीने उपाय शोधला. चुकीचा शोधला, पण शोधला.

माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. मुलाचा रविवार जातो राजनोली ते माजिवडा, आणि आपल्याला त्यात काही वावगं वाटेनासं झालंय. आपण विचारतो, गाडीत प्लेस्टेशन कसं चालेल? विचारायला हवं, पंचवीस किलोमीटरला प्लेस्टेशन लागतंच का?

१६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली. १ मे १८५४ ला रूळ कल्याणपर्यंत पोचले. म्हणजे पावणेदोनशे वर्षं होत आली, कल्याण-ठाणे हे अंतर रेल्वेने सोडवलेलं आहे. आजही फास्ट लोकल वीस-पंचवीस मिनिटांत नेते. मग आपण लोकलने का जात नाही? कारण लहान मूल कडेवर घेऊन त्या डब्यात शिरायची हिंमत होत नाही. ९ जून २०२५ ची सकाळ आठवा. मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेली माणसं खाली पडली, जीव गेले. आपल्यातलीच, कामावर निघालेली. ते दृश्य मोबाईलवर बघितलेली आई दुसऱ्या रविवारी म्हणते, "गाडी काढा." तिला दोष कोण देणार?

म्हणून मग प्रत्येक घर आपापली गाडी काढतं. एका भरगच्च लोकलमध्ये तीन हजार माणसं धरा. गाडीत चार-चार बसवली तर साडेसातशे गाड्या. एकेक गाडी अंतरासकट सहा मीटर धरली तर बंपरला बंपर लावून साडेचार किलोमीटरची रांग. एका लोकलची! हे ओझं. आणि ते आपण कुठे टाकतोय? दुर्गाडीवर, शिळफाट्यावर, मुंब्रा बायपासवर, घोडबंदरवर. तीच वायर, चौपट ताप.

आणि आपल्याकडे दरवेळी उपाय कोणता येतो? मोठा फ्यूज! चौक अडला, पूल बांधा. पूल अडला, पुलावर पूल बांधा. पुलाचा नारळ फुटतो, फोटो निघतात, जाम पाचशे मीटर पुढे सरकतो. पूल नकोत असं मी म्हणत नाही. पत्रीपूल नोव्हेंबर २०१८ ला पाडला आणि नवा जानेवारी २०२१ ला सुरू झाला, ती मधली दोन वर्षं कल्याणकरांना विचारा, पूल नसण्याचा अर्थ काय असतो. डोंबिवलीकरांना मोठागाव-माणकोली पुलाने केवढा मोकळा श्वास दिला हे मी रोज अनुभवतो. पूल हवेतच. पण ओझं कमी करणारी कामं मागे आणि मोठे फ्यूज पुढे, हा क्रम चुकलाय.

ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये कल्याणला झालं. जवळपास २५ किलोमीटरचा मार्ग. नेमका आमच्या त्या रविवारचा रस्ता. तेव्हा भाचा अजून शाळेतही जात नव्हता. आता सातवीत आहे. खांबांच्या सावलीत गाडी उभी करून तो फुटबॉल खेळतोय, कन्सोलवर. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ ला सुरू झाली, तीही किती वर्षं रखडून, ते आपण पाहिलंय. अशा कामांना आपण सोशल मीडियावर दोन ओळींचा पाठपुरावाही करत नाही. पण नवीन पुलाच्या ड्रोनच्या व्हिडिओला हजार लाइक!

असो. मेट्रो उद्या येणार नाही आणि पोरं उद्या गाडीत बसणार आहेत. म्हणून व्यवहाराचं सांगतो.

एक, चालत्या गाडीत घरचा कन्सोल नको. माझं स्पष्ट मत आहे. वीज, वजन, बेल्ट, ड्रायव्हरचं लक्ष, चारही हिशोब विरुद्ध जातात.

दोन, पोराला खेळायचंच असेल तर हातातली मशीन्स द्या. निन्टेन्डो स्विचची बॅटरी १६ वॉट-अवरची, तासन्‌तास चालते. स्टीम डेकचा चार्जर ४५ वॉटचा, तो गाडीच्या चांगल्या टाइप-सी चार्जरवर निभतो. किंवा प्लेस्टेशन घरीच ठेवा आणि रिमोट प्लेने मोबाईलवर खेळा. सोनी त्यासाठी किमान ५ एमबीपीएसचं इंटरनेट सांगते. २०० वॉटचं ओझं घरच्या भिंतीवर, गाडीत फक्त मोबाईल. तेही ड्रायव्हरला दिसणार नाही असं, आणि बेल्ट लावून.

तीन, पिकनिकला, गावाला, थांबलेल्या गाडीत कन्सोल लावायचाच असेल तर इंजिन बंद, गाडी उघड्यावर, आणि वेगळं लिथियम पॉवर स्टेशन वापरा. ५०० वॉट-अवरचं असेल तर पावणेदोन तासांच्या आसपास चालेल. स्वस्त नाही. आणि ते मे महिन्याच्या उन्हात बंद गाडीत ठेवून जाऊ नका. घरच्या इन्व्हर्टरची मोठी अ‍ॅसिडची बॅटरी डिकीत टाकायची आयडिया कोणाला सुचली असेल तर ती तिथेच सोडून द्या. तिच्यातून अ‍ॅसिड सांडतं आणि चार्जिंगला हायड्रोजन निघतो.

चार, ॲक्सेसरीजच्या दुकानदार बंधूंनो, तुमच्या पोटावर पाय द्यायचा नाही. पण गिऱ्हाईक "फ्यूज उडतो" म्हणत आला तर "लोड किती लावलाय?" हा एकच प्रश्न विचारा. मोठा फ्यूज पाच रुपयांना विकला जातो, त्या पाच रुपयांत तुमचं नाव एखाद्या जळलेल्या गाडीला चिकटायला नको. कंपनीच्या वायरिंगला हात लागला की वॉरंटीचा वाद होतो, आग लागली तर विमा कंपनीही पहिला प्रश्न त्याच वायरीबद्दल विचारते, हेही गिऱ्हाइकाला सांगा.

पाच, आपण सगळे. येत्या पालिका सभेला, आमदार-खासदारांच्या पेजवर, कुठेही जिथे आपला आवाज पोचतो तिथे विचारा, मेट्रो ५ चा कल्याणपर्यंतचा भाग कधी? लोकलच्या फेऱ्या कधी वाढणार? मुंब्र्याच्या वळणाचं काय? पुलांच्या फोटोखाली अभिनंदन जरूर करा, पण त्याखाली हा प्रश्नही टाका.

त्या रविवारी आम्ही वास्तुशांतीला पोचलो तेव्हा पंगत उठत आली होती. जेवून झाल्यावर भावोजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू नसतास तर?" मी म्हटलं, "भावोजी, उगाच नको ते बोलू नका." त्यांनी तिथेच पार्किंगमध्ये तो हिरवा फ्यूज उपटला आणि माझ्या हातात दिला. आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून निळा १५ चा आणून बसवला. परत येताना प्लेस्टेशन डिकीत, गोधडीत गुंडाळून. भाचा माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपायला बघत होता, त्याला उठवून बेल्ट लावला. थोडा रुसला. मग भाचीबरोबर गाड्यांच्या नंबरांच्या बेरजा करायचा खेळ सुरू झाला. राजनोलीपर्यंत ती जिंकत होती.

तो हिरवा फ्यूज माझ्या टूलबॅगमध्ये आहे. आज रात्री गाडी लावाल तेव्हा दोन मिनिटं काढा. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर आतून तक्ता असतो, कोणत्या जागी किती अँपिअर ते लिहिलेलं असतं. सॉकेटच्या जागी तेवढाच आहे ना बघा. जास्तीचा निघाला तर काढा. आणि तो कशाने उडत होता, ते शोधा.